मदत हवी आहे: शनिवारी लहान मुलांचा ‘वसंत योग’ घ्यायचाय, काय घेऊ?

चिमणचारा (बुधवार, रात्री १०:४०)
लवकर सांगा कोणीतरी. शनिवारी आमच्याकडे वसंतोत्सव आहे आणि योगाची २५ मिनिटं माझ्या गळ्यात पडली आहेत, कारण मीटिंगमध्ये मी बोलून बसले की मी योगा करते. (करते म्हणजे घरी, मोबाइल भिंतीला टेकवून.) मॅडमनी कुठून तरी काढलेला एक कागद हातात दिलाय. त्यात आधी बर्फ वितळतो, मग ट्यूलिप उगवतं, मग ससा टुणटुण येतो. नागपुरात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो हो! पोरांना ‘ट्यूलिप व्हा’ म्हटलं तर ती माझ्याकडेच बघत बसतील. आपल्याकडचं काहीतरी हवंय. आसनं, गोष्ट, खेळ, काहीही चालेल. गाणी नकोत, स्पीकर बिघडलाय.

तर्री_पोहे (१०:५२)
ताई, पोट्टे किती, केवढाले, कुठं घेऊन राहिल्या? काहीच तर नाही सांगितलं तुम्ही.

सूर्यपुत्र६४ (११:०५)
सोपं आहे. १२ सूर्यनमस्कार घ्या, मंत्रासहित. आमच्या शाळेत रथसप्तमीला सगळं मैदान घालायचं. हल्ली या सोप्या गोष्टी सोडून लोक ससे आणि फुलपाखरं करत बसतात.

चिमणचारा (११:०९)
काका, नर्सरीची मुलं आहेत.

सूर्यपुत्र६४ (११:११)
मग ६ घ्या.

पंचांगी (११:३०)
मुळात वसंत ऋतू म्हणजे चैत्र-वैशाख. पाडवा पुढच्या आठवड्यात आहे. शनिवारी फाल्गुनच असणार, म्हणजे शिशिर. कार्यक्रमाचं नावच चुकलंय.

काटोल_रोड (११:४४)
पंचांगीसाहेब, पळसाला पंचांग वाचता येत नाही. तो दीडेक महिन्यापासून पेटलाय, गोरेवाड्याकडे एक चक्कर मारून या. तुमच्या वैशाखात आपल्याकडे कुलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, त्याला वसंत म्हणायचं तर म्हणा बापडे.

पंचांगी (११:५१)
शास्त्र आणि हवामान यांत गल्लत करू नये.

बालवाडीवाली (गुरुवार, सकाळी ६:२०)
चिमणचारा, १९ वर्षं बालवाडीत काढलीत, म्हणून आधी विचारते. नर्सरी म्हणजे नक्की कोणती? अडीच वर्षांचं मूल आणि साडेपाचचं मूल यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. किती मुलं? मदतीला कोण? किती वाजता? त्याआधी खाणं आहे का? हे कळल्याशिवाय सांगितलेलं सगळं फुकट.

चिमणचारा (७:०२)
अडीच ते साडेपाच, सगळी एकत्र, ३४ मुलं. मी आणि एक मावशी. नाश्ता दहाला, योग साडेदहाला. गच्चीवर. पालक बघायला येणार आहेत.

बालवाडीवाली (७:०५)
गच्चीवर??

तर्री_पोहे (७:१०)
मार्चअखेर, साडेदहा वाजता, नागपूरच्या स्लॅबवर, अनवाणी. ताई, पोट्टे योगा नाही करणार, तांडव करतील.

उंटखानेकर (७:२५)
गच्चीवरून आठवलं. आमची गच्ची इतकी तापते की रात्री अकराला वरच्या खोलीत झोपवत नाही. पांढरा चुना मारून घ्यावा की तो तयार पेंट आणावा? कोणी केलंय का?

बालवाडीवाली (८:४०)
उंटखानेकर, वेगळा धागा काढा ना.
चिमणचारा, मॅडमना आजच जाऊन सांगा, दोन गोष्टी बदला. पहिली, गच्ची नको. वर्गातले बेंच बाहेर काढा आणि सतरंज्या टाका. दुसरी, योग आधी, नाश्ता नंतर. पोहे खाऊन अर्ध्या तासात पोरांना पोटावर पालथं घातलंत तर काय होईल ते सतरंजीवर दिसेल, आणि ती सतरंजी मावशींना धुवावी लागेल. मोठ्यांनासुद्धा जेवणानंतर तीनेक तास थांबायला सांगतात. मुलं सकाळी घरून दूध पिऊन येतील तेवढं पुरे, साडेआठ-नऊलाच उरकून टाका.

आता काय घ्यायचं. आसनांची नावं घेऊच नका. या वयाला आसन कळत नाही, सोंग कळतं. संत्र्याच्या झाडाची गोष्ट सांगा, आपल्याकडे ते प्रत्येक पोराने पाहिलेलं असतं. पानावर फुलपाखराचं अंडं: गुडघ्यांवर बसून पुढे वाकायचं, कपाळ जमिनीला, गोळा होऊन गप्प. मग अळी: पालथं होऊन डोकं वर काढायचं आणि इकडेतिकडे बघत पान कुरतडायचं. ही अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. हे सांगा, हशा पिकेल आणि पुढची दहा मिनिटं पोरं तुमच्या मुठीत. मग कोश: पाठीवर झोपून गुडघे छातीशी धरायचे. मग फुलपाखरू: बसून पायांचे तळवे जुळवायचे आणि मांड्या पंखांसारख्या हलवायच्या. गुडघे खाली दाबायचे नाहीत, तुम्हीही नाही, उत्साही पालकांनीही नाही. एकेका सोंगाला चार-पाच श्वास पुरे. श्वास मोठ्याने मोजू नका, गोष्टच सांगत राहा.

काटोल_रोड (९:१५)
फुलपाखराला नाव द्या हो. संत्र्या-लिंबाच्या कुळातल्या झाडांवर नीलवंतही अंडी घालतो, मोठा, काळा, निळी झाक असलेला. २०१५ पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.
आणि पळस घ्याच. त्याच्या पाकळीला पोपटाच्या चोचीसारखा बाक असतो, संस्कृतात किंशुक म्हणतात ते त्यावरूनच, ‘हा पोपट तर नाही?’ दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटांची चोच करायला लावा. थोडी खरी फुलं घेऊन जा, आता पळस संपत आलाय पण मिळतील. मोहही पडायला लागलाय. पहाटे झाडाखाली उकिडवं बसून टोपलीत फुलं वेचतात, भंडारा-गोंदियाकडे घरोघर. मुलांना उकिडवं बसवा, कागदाचे बोळे वेचू द्या. मालासन झालं की नाही? आपल्याला तसं बसायला जड जातं, ती सहज बसतात.

तर्री_पोहे (९:२२)
मोह नर्सरीत नका नेऊ भाऊ, पालक येऊन राहिले 😄

काटोल_रोड (९:३०)
फूल आहे ते. गोड असतं. पुढचं ज्याने त्याने ठरवावं.

कफनाशक (१०:०५)
वसंतात कफ पातळ होऊन वाढतो. मुलांना दही बंद करा, सुंठीचं पाणी सुरू करा, कडुनिंबाची कोवळी पानं गुळासोबत द्या. दिवसा झोपवू नका. कपालभातीही घ्या, कफ सुटतो.

बालवाडीवाली (१०:२०)
दह्याबद्दल कोणीही विचारलेलं नाही. आणि अडीच वर्षांच्या मुलाला कपालभाती? जोराचे उच्छ्वास नकोत आणि श्वास रोखणंही नको. श्वासाचं काही घ्यायचंच असेल तर भुंगा करा, ओठ मिटून गुणगुण. कानात बोटं घालायला लावू नका, शेजारच्याच्या कानात जातात. हात गालांवर ठेवले की गालांत गुणगुण जाणवते, तेवढं पुरतं.

गोळेवाला_नाही (१०:४८)
फुंकर घालायला सावरीचा कापूस किंवा म्हातारी छान. मी पुतणीसोबत केलंय, जिची म्हातारी जास्त वेळ वर राहील ती जिंकली.

बालवाडीवाली (१०:५५)
एका पुतणीला ठीक. ३४ मुलांमध्ये चार जणं तो कापूस आत ओढतील. टिश्यूच्या लांब पट्ट्या कापा आणि नाकासमोर धरून हलवायला सांगा. हारजीत नको, फुगून रडारड होते.

गोळेवाला_नाही (११:०२)
तुम्हाला प्रत्येक गोष्टीत धोकाच दिसतो का?

बालवाडीवाली (११:०४)
१९ वर्षं. हो.

सूर्यपुत्र६४ (११:४०)
तुम्ही सगळे मिळून योगाची बालजत्रा करताय. रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, तिथे जाऊन रीतसर विचारावं. योगाला शिस्त असते.

चिमणचारा (दुपारी २:१५)
काका, जाईन नक्की, पण परवा शनिवार आहे.
मॅडम वेळ बदलायला तयार झाल्या, सव्वानऊ. नाश्ता नंतर. गच्ची मात्र ‘फोटो छान येतात’ म्हणून अजून अडून आहेत. आणखी एक, झाड घ्यायचंय मला. एका पायावर उभं राहतील का? मॅडमच्या कागदावर आहे.

बालवाडीवाली (३:००)
पाचचं मूल दहाएक सेकंद राहतं, तीनचं क्षणभर. म्हणून एकेकटं झाड नको, राई करा. गोल करून हात धरा, एकमेकांना टेकून तोल राहतो. पाऊल मांडीवर नको, घोट्याशी ठेवलं तरी झाडच. पडलं एखादं तर ‘वारा आला’ म्हणा आणि सगळ्यांनाच पाडा.
गच्चीचं सोपं आहे. शुक्रवारी बरोबर साडेदहाला मॅडमना चप्पल काढून वर उभं करा.

पंचांगी (४:१०)
राई म्हणजे मोहरी असाही अर्थ होतो, मुलांना समजावून सांगावं.

उंटखानेकर (५:३०)
चुन्याचं कोणी बोललंच नाही.

चिमणचारा (शनिवार, दुपारी १२:२०)
झालं एकदाचं. वर्गातच झालं. मॅडम काल खरंच चप्पल काढून वर गेल्या, पाच सेकंदांत खाली.
अळी सगळ्यांत जास्त चालली. पक्ष्याची शीट ऐकल्यावर जे सुरू झालं ते पालकांसमोर बरं नव्हतं, पण पालकच जास्त हसत होते. राई दोनदा पडली, तिसऱ्यांदा मावशीसकट. भुंगा थांबवता आला नाही, पोह्यांच्या घासातूनही गुणगुण चालू होती. आणि एक पोरगा कोशातून बाहेरच येईना. बाकीची सगळी उडून नाश्त्याला गेली, हा गुडघे धरून सतरंजीवर. उठ म्हटलं तर म्हणाला, ‘माझे पंख अजून ओले आहेत.’ हे मी सांगितलंच नव्हतं! त्याच्या घरी कढीपत्त्यावर कोश होता म्हणे, आजोबांनी दाखवला होता. त्याचे पोहे तिथेच नेऊन दिले.
पळसाची फुलं मात्र नऊपर्यंत मलूल झाली होती.

काटोल_रोड (१२:४५)
सकाळी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळायची. सांगायचं राहिलं.

सूर्यपुत्र६४ (१:१०)
सूर्यनमस्कार?

चिमणचारा (१:१४)
काका, जूनमध्ये योग दिनाला. तेव्हा तुम्हीच या घ्यायला.

सूर्यपुत्र६४ (१:३०)
वेळ कळवा. गच्ची नको.

तर्री_पोहे (१:४२)
उंटखानेकर भाऊ, चुनाच मारा. थोडा फेविकॉल टाका त्यात, नाही तर पहिल्या पावसात धुऊन जाते. दोन हात द्या, आणि संध्याकाळी मारा, दुपारी ब्रश फिरवता फिरवता सुकून जाते.