घरातलं जुनं पुस्तक नेमकं कधीचं? तुमचे अनुभव लिहा

आजोबांच्या ट्रंकेत एक पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत. एका फाटक्या पानाच्या तळाशी ‘सन १८६७’ एवढं दिसत होतं. आठवडाभर मी मिरवून घेतलं. मग चिकटलेला तुकडा सुटला आणि पूर्ण ओळ लागली: हें पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें रजिस्टर केलें आहे. म्हणजे साल कायद्याचं! ही ओळ पुढे कित्येक दशकं छापत असत. पुस्तक १८६७ नंतरचं, एवढंच कळलं. तुम्ही कसं ओळखलंत?

•

आमच्या पोथीच्या शेवटच्या पानाचा कोपरा कसरीने खाल्लेला. ‘शके १७’ राहिलं, पुढचे दोन आकडे गेले. पण शेजारी ‘चित्रभानु नाम संवत्सरे वैशाख’ शाबूत होतं. वडिलांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. चित्रभानु सोळावा. सतराशेत असा एकच शक बसतो, १७४४. वैशाख आहे म्हणून ७८ मिळवले: १८२२. पेशवाई बुडून चार वर्षं झालेली! अर्थात नकलाकाराने मूळ पोथीतली ओळच जशीच्या तशी उतरवली असेल, तर आमची प्रत त्याहून अलीकडची. ती शंका अजून फिटलेली नाही.

•

पोथीवरून आठवलं. आम्हीही ‘हस्तलिखित’ घेऊन एका जाणकार बाईंकडे गेलो. त्यांनी भिंग हातात दिलं, म्हणाल्या, तुम्हीच बघा. बोरूने लिहिताना शाई भरली की अक्षर गडद येतं, मग फिकं होत जातं. आमच्या पोथीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काळेपणा एकसारखा. शिळाप्रेसवर, म्हणजे हस्ताक्षर दगडावर उतरवून, छापलेली निघाली. आईचा चेहरा उतरला, आणि येताना पोथी पिशवीत आडवीतिडवी टाकली गेली.

•

किंमत बघा. ‘७५ न. पै.’ म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. आणे असतील तर सहसा त्याआधीचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला तर १९७२ च्या आधीचं नाही.

•

धागाकर्ते दादा, पानांच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापलंय का? असेल तर ग्रंथालयात शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागा. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ ची पुस्तकं आहेत. शिवाय समासात कोणी काही खरडलंय का, तेही बघा. आमच्या घरी नेमकं तेच कामी आलं.

•

ताई, नाव माथ्यावर होतं! सूचीवरून माग काढला तर आवृत्त्या तीन निघाल्या. आमच्या प्रतीचं शेवटचं पानही गायब, त्यामुळे पानं मोजून काही कळेना. मग समास चाळले. मधल्या एका पानावर पणजीच्या अक्षरात धोब्याचा हिशेब: धोतरं ४, लुगडी २, पंचा १ हरवला. खाली तारीख, १९१९ ची. तिसरी आवृत्ती १९२६ ची, ती बाद झाली. आता पहिल्या दोनांतली कुठली, ते बघतोय.