ड्रॉप सीमध्ये जाड तार गचगच करतेय, ब्रिजला कुठला हंबकर टाकू?

विश्रामबागचा_रिफ
मंडळी, सांगलीत असतो. गिटार बासवूडची, 25.5 इंच स्केल, फ्लॉइड रोझ (स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज), तारा 10-46 (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी), ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे जाड तार खाली सी स्वराला उतरवलेली. ब्रिजला गिटारीबरोबर आलेलाच हंबकर (तारांचा आवाज पकडणारा दोन कॉइलचा पिकअप) आहे. गेन चढवून पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवणं) केलं की जाड तार नुसती गचगच करते, वेगात तर कुठला ठोका संपला नि कुठला लागला तेच कळत नाही. डोक्यात तीन पिकअप आहेत: सेमूर डंकन कंपनीचा जेबी, त्यांचाच डिस्टॉर्शन, नाहीतर ईएमजीचा बॅटरीवर चालणारा 81. जेबी 16 के (किलो-ओहम) च्या वर आहे म्हणे, म्हणजे आउटपुट तगडं असणार ना? घरी इंटरफेस लावून लॅपटॉपवरच वाजवतो. बजेट एकाच पिकअपचं.

मिरजेचा_सोल्डरवाला
भावा, के बघून पिकअप घेऊ नकोस. तो आकडा म्हणजे कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा रोध. तार बारीक घेतली की आकडा फुगतो, आवाज फुगेलच असं नाही. तुझ्या यादीतलंच बघ: जेबी आणि डिस्टॉर्शन दोन्ही 16 के च्या पुढचे. पण जेबीत अल्निको 5 चुंबक, डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक. जेबीचा मिड छान ओरडतो, सोलोला मजा येते, पण खालच्या ट्यूनिंगला त्याचा बास जरा सैल पडतो. डिस्टॉर्शन खाली घट्ट राहतो. तुझ्या कामाला मी डोळे झाकून तोच देईन.

पण पैसे पाठवायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घे. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि तार ते पिकअप अंतर मोज. दोन मिलिमीटरच्या आत असेल तर चुंबक तार ओढतोय, खाली घे. अडीच-तीनला आणून ऐक. इथं सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर दोरा केसभर सरकवतो नि अख्खा आवाज बदलतो, तसंच आहे हे. आणि ड्रॉप सीला 10-46 म्हणजे काय राव, जाड तार लोंबतच असणार. 11-56 चढव. फ्लॉइडच्या स्प्रिंगा नि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) परत लावावं लागेल, एक रविवार जाईल.

आणखी एक, फुकटातलं. लॅपटॉपवर अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल लाव, ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळजवळ फुल. तो बास आधीच छाटतो, मिड पुढे आणतो. मेटलची निम्मी रेकॉर्डिंगं याच्यावर उभी आहेत, असं आपलं माझं मत.

पोवई_नाका_साताऱ्याहून
मी 81 वाला. आमच्या बिल्डिंगचं अर्थिंग दिव्य आहे, कुणी मिक्सर लावला की साध्या पिकअपमधून घूं सुरू. 81 लावल्यापासून शांतता. पाम म्यूट तर सुरीने कापल्यासारखा. क्लीनला मात्र कोरडा वाटतो, खोटं कशाला बोलू.

मिरजेचा_सोल्डरवाला
दादा, 81 वाईट नाहीच. पण त्याला 25 के चे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे) लागतात, साध्या हंबकरला 500 के चे. म्हणजे पॉट बदला, स्टिरिओ जॅक टाका, 9 व्होल्टच्या बॅटरीला जागा करा, आणि नेकचा साधा पिकअप त्याच पॉटवर ठेवला तर तो दबून जातो. ह्याचं बजेट एका पिकअपचं आहे. शिवाय वाजवून झाल्यावर केबल काढायला विसरला की बॅटरी बसली.

विश्रामबागचा_रिफ
अंतर मोजलं, दीड मिलिमीटर निघालं! अडीचवर आणलं, गचगच बरीच कमी झाली. पेडलचंही जमलं. तारा मागवल्यात. तरीपण डिस्टॉर्शन घ्यायचाच आहे, ह्या पिकअपला धार नाही. साइटवर एसएच-6 आणि टीबी-6 असे दोन दिसतात, कुठला?

मिरजेचा_सोल्डरवाला
टीबी. फ्लॉइडवर तारा जरा लांब-लांब असतात, टीबीचे पोल (तारांखालचे चुंबकाचे खिळे) त्या मापाचे. एसएचसुद्धा वाजेल, पण कडेच्या तारा पोलच्या बाहेर पडतात. डंकनच्या वायरींचे रंग: काळा हॉट (सिग्नलची वायर), पांढरा-लाल एकमेकांना जोडून टेप, हिरवा आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओ ह्या दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघून करू नकोस, त्यांच्यात लाल हॉट असतो. पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावायला 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, 40 चं घे, नाहीतर मिरजेला घेऊन ये.