सख्ख्या भावंडाची किडनी पूर्ण जुळत असेल, तर सोबत त्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशीही द्याव्यात का?

मज्जा_विभाग
माझे मत स्पष्ट आहे: द्याव्यात. निदान हा पर्याय दाता आणि रुग्ण दोघांसमोर शस्त्रक्रियेआधी ठेवायलाच हवा. किडनी बसली की टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर, हे आपण गृहीतच धरले आहे. पण दात्याच्या रक्तपेशी रुग्णाच्या रक्तात त्याच्या स्वतःच्या पेशींसोबत नांदू लागल्या (यालाच मिश्र कायमेरिझम म्हणतात), की प्रतिकारयंत्रणा त्या दात्याच्या अवयवालाही परका मानत नाही. १९४५ मध्ये रे ओवेन यांनी गर्भात रक्ताची सरमिसळ झालेल्या जुळ्या वासरांत हे मिश्रण मोठेपणीही टिकल्याचे दाखवले. १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेदावार यांनी उंदरांत अशी सहिष्णुता मुद्दाम घडवून आणली.

आता पद्धत मांडतो, म्हणजे बोलणे नेमके होईल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पूर्ण जुळणाऱ्या (म्हणजे ऊतींच्या एचएलए खुणा तंतोतंत सारख्या असलेल्या) भावंडांसाठी बसवलेला क्रम असा: शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी दात्याला जी-सीएसएफ (मज्जेला चालना देणारे औषध) देऊन मूळपेशी रक्तात उतरवायच्या, अफेरेसिसने (रक्त यंत्रातून फिरवून) गोळा करायच्या, सीडी३४ ही खूण असलेल्या मूळपेशी वेगळ्या काढून गोठवायच्या आणि टी पेशींचा (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) मोजलेला भाग निराळा ठेवायचा. किडनी बसते तो शून्यावा दिवस. तेव्हापासून सशाचे अँटीथायमोसाइट ग्लोब्युलिन (टी पेशी मारणारी प्रतिपिंडे), दर किलोला १.५ मिलिग्रॅम, असे ५ डोस. सोबत लसीका ग्रंथी, प्लीहा आणि थायमस (टी पेशी घडवणारी छातीतली ग्रंथी) यांवर १० वेळा किरणोपचार, दर वेळी ०.८ ते १.२ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक). ११व्या दिवशी पेशी शिरेतून द्यायच्या: दर किलोला सीडी३४ सुमारे ४० लाख, टी पेशी १० लाख. मायकोफेनोलेट महिनाभरच. टॅक्रोलिमस सहा महिने, मग उतरवत उतरवत वर्षाच्या आसपास बंद. तेही मिश्रण सहा महिने टिकले असेल, रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणे) झाले नसेल, बायोप्सी स्वच्छ असेल आणि जीव्हीएचडीचे (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर चढवलेल्या हल्ल्याचे) चिन्ह नसेल तरच.

नेफ्रो_ओपीडी
माझा विरोध आहे, आणि तो नेमका तुमच्या शीर्षकाला आहे. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची किडनी साध्या औषधांवरच सगळ्यात जास्त टिकते. या रुग्णांना टॅक्रोलिमसची पातळी कमी ठेवून चालते, स्टेरॉइड बऱ्याचदा लागतच नाही. म्हणजे फायदा सगळ्यात कमी जिथे आहे, तिथेच तुम्ही दहा वेळा किरणे आणि दात्यावर एक जादा प्रक्रिया लादताय.

दुसरे, मूळ आजाराचे काय? आयजीए नेफ्रोपथी किंवा ल्युपस अशा प्रतिकारयंत्रणेच्या आजारांत औषधे रिजेक्शनसोबत आजारालाही थोडीफार आवर घालतात. ती काढलीत, तर शरीरात दात्याच्या किडनीविषयी सहिष्णुता असेल, पण आजार आपल्या वाटेने परत येईल. कायमेरिझमने ग्लोमेरुलस (किडनीतली गाळणी) वाचत नाही.

किरणोपचार
किरणांविषयी नेफ्रो_ओपीडी यांचा समज दुरुस्त करायला हवा. हे पूर्ण शरीराचे, मज्जा संपवणारे विकिरण नव्हे. बरीचशी मज्जा क्षेत्राबाहेर राहते, म्हणून रुग्णाचे स्वतःचे रक्त तयार होत राहते आणि मिश्रण 'मिश्र' राहते. मात्रा तुकड्यांत देण्यालाही कारण आहे. उंदरांवरच्या कामात दिसले की साध्या टी पेशी मरतात, पण प्रतिकार शांत ठेवणाऱ्या एनके-टी आणि नियामक टी पेशी तग धरतात. यंत्रणेचा तोल शांततेकडे झुकतो आणि दात्याच्या टी पेशींनाही हल्ला चढवणे जड जाते.

मात्र एका गोष्टीवर तडजोड नको. लसीका ग्रंथींच्या क्षेत्रात ओटीपोटही येते. बसवलेली किडनी तिथेच, इलियाक खड्ड्यात असते आणि अंडाशयही जवळच. नियोजनाच्या सीटीवर दोन्ही आखून मात्रा मोजल्याशिवाय पहिला तुकडा देऊ नये. तरुण रुग्णाशी प्रजननक्षमतेचे बोलणे त्याआधी व्हायला हवे.

टी_पेशी
अर्ध्या जुळणीचा विषय अजून निघाला नाही. गरज तिथेच जास्त आहे, कारण आई-वडील आणि मुले यांच्यात बहुधा एकच हॅप्लोटाइप (एका पालकाकडून आलेला एचएलए खुणांचा संच) जुळतो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा अर्ध्या जुळणीसाठीचा क्रम वेगळा होता: सायक्लोफॉस्फमाइड (केमोथेरपीचे औषध) दर किलोला ६० मिलिग्रॅम, दोन दिवस, थायमसवर ७ ग्रे, टी पेशींवरच्या सीडी२ विरोधी प्रतिपिंड, मग किडनी आणि मज्जा एकाच दिवशी. नंतर बी पेशी मारणारे रिटुक्सिमॅबही जोडले. दहाही रुग्णांत मिश्रण झाले, पण काही आठवड्यांतच संपले. तरी ७ जणांची औषधे चार वर्षे किंवा अधिक काळ बंद राहिली. त्यांपैकी ३ जणांना ५ ते ८ वर्षांनी मूळ आजार परतल्यामुळे किंवा प्रतिपिंडांच्या जुनाट रिजेक्शनमुळे औषधे पुन्हा सुरू करावी लागली. १० पैकी ३ किडन्या गेल्या.

मिश्रण कायम असते तेव्हा दात्याच्या डेंड्रिटिक पेशी (टी पेशींना ओळख करून देणाऱ्या) थायमसमध्ये बसतात आणि दात्याविरुद्ध जाणाऱ्या नव्या टी पेशी तिथेच खुडल्या जातात. मिश्रण गेले की ही गाळणी बंद. मग सगळी भिस्त नियामक पेशींवर आणि किडनी स्वतः करत असलेल्या दमनावर. अडसर ठरतात त्या जुन्या स्मृती टी पेशी, म्हणजे आधीच्या संसर्गांची आठवण ठेवणाऱ्या. त्या थायमसमधून केव्हाच बाहेर पडलेल्या असतात आणि अँटीथायमोसाइट ग्लोब्युलिनलाही पुरत्या दबत नाहीत. पिंजऱ्यातल्या उंदराकडे त्या फारशा नसतात, प्रौढ माणसाकडे भरपूर असतात. उंदरातले सोपे यश माणसात अडते ते बरेचसे यामुळे.

आणखी एक खाचखळगा: साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास ताप, अंगावर पाणी आणि क्रिएटिनिन एकदम वर. हे नेहमीचे रिजेक्शन समजू नका. रुग्णाची मज्जा परत उभी राहताना किडनीच्या केशिकांच्या अस्तराला इजा होते. नंतर सायक्लोफॉस्फमाइडऐवजी कमी मात्रेचे पूर्ण-शरीर विकिरण वापरले गेले, त्यामागे हेही कारण होते.

मज्जा_विभाग
म्हणूनच मी शीर्षकात 'पूर्ण जुळत असेल' म्हटले. स्टॅनफर्डच्या पद्धतीवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली आहे. पेशी दिलेल्या २० पैकी १९ जणांची औषधे थांबली आणि १५ जण दोन वर्षांहून अधिक काळ औषधाविना राहिले. जीव्हीएचडी एकालाही नाही. नेफ्रो_ओपीडी, 'फायदा कमी' हे तुम्ही फक्त किडनी किती टिकते यावर मोजताय. टॅक्रोलिमसमुळे होणारा मधुमेह, हाताचा कंप, त्वचेचे कर्करोग आणि त्याच किडनीच्या नलिकांना वर्षानुवर्षे पोहोचणारी इजा कोणत्या रकान्यात लिहायची? तिशीतल्या रुग्णापुढे औषधांची चाळीस वर्षे असतात.

नेफ्रो_ओपीडी
आकडे मान्य. पण उरलेले पाच जण किरणे घेऊनही शेवटी औषधांवरच आहेत, हे संमतीपत्रात ठळक अक्षरांत यायला हवे. आणि या यशाच्या जोरावर लोक अर्ध्या जुळणीकडे धावतात, तिथे माझा खरा आक्षेप आहे. पूर्ण कायमेरिझमच्या (रुग्णाचे रक्त जवळपास सगळे दात्याचे होण्याच्या) मार्गाने फ्लुडाराबिन, सायक्लोफॉस्फमाइड आणि २ ग्रे पूर्ण-शरीर विकिरण देऊन कमी जुळणीतही बऱ्याच जणांची औषधे सुटली. पण त्या मार्गाच्या तिसऱ्या टप्प्यात जीव्हीएचडी झालेला एक रुग्ण दगावला आणि २०२३ मध्ये ती चाचणी थांबली. किडनी गेली तर डायलिसिस आहे. आतडी आणि यकृतावर चढलेल्या जीव्हीएचडीला असा परतीचा रस्ता नाही. पूर्ण जुळणी, परतण्याची शक्यता कमी असलेला मूळ आजार आणि दात्याविरुद्ध प्रतिपिंड शून्य, या तिन्ही गोष्टी असतील तर मी रुग्णासमोर पर्याय ठेवीन. त्यापलीकडे नाही.

टी_पेशी
पर्याय ठेवणार असाल, तर औषध उतरवताना काय मोजायचे ते आधी ठरवा. अख्ख्या रक्तावर केलेली एसटीआर चाचणी (डीएनएवरून दात्याच्या पेशींचा वाटा मोजणारी) फसवते. ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशी ६० टक्के दात्याच्या असतात आणि अहवाल छान दिसतो, पण टी पेशींत दात्याचा वाटा जवळपास शून्य असतो. टी, बी, एनके आणि ग्रॅन्युलोसाइट वेगवेगळे करून प्रत्येकाचे प्रमाण काढा. मात्रा कमी करण्याच्या प्रत्येक पायरीआधी ही चाचणी आणि दात्याविरुद्धचे प्रतिपिंड दोन्ही बघा. टी पेशींतला दात्याचा वाटा घसरत असेल, तर टॅक्रोलिमस आहे त्याच मात्रेवर ठेवा, आणखी कमी करू नका. क्रिएटिनिन हलले तर बायोप्सी करा, वाट पाहू नका. घसरण रोखायला दात्याच्या लिम्फोसाइट देण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण जीव्हीएचडीचे दार तिथूनच उघडते. रुग्ण कमी मात्रेच्या टॅक्रोलिमसवर राहिला तरी त्याची किडनी चालू आहे.