शब्दचर्चा : 'दोष काढू नका' की 'न्याय करू नका'?

मिरजवासी
मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासवर्गासाठी एका पुस्तिकेचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर चालू आहे. विषय असा, की ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या शिकवणीवर आणि वागण्यावर मत द्यावे का, आणि द्यायचे तर कुठवर. मुळात पानोपानी 'जज' (judge) हे एकच क्रियापद आहे. बायबलात मत्तय ७:१ म्हणते, ते करू नका. योहान ७:२४ म्हणते, करा, पण वरवर पाहून नको, नीट करा. १ करिंथ ५:१२ मध्ये मंडळीतल्यांचे करायचे आणि बाहेरच्यांचे देवावर सोडायचे. मी सगळीकडे 'न्याय करणे' ठेवले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे 'दोष काढणे' केले. 'कोणाचे दोष काढू नका' हे लोकांना तोंडपाठ आहे, असे त्यांचे म्हणणे. पण मग योहानात 'यथार्थ दोष काढा' असे होते, आणि ते काही वाचवत नाही. एकच शब्द हवा असेल तर कोणता?

सूपजाते
एकच शब्द हवा, हा हट्टच सोडा. मराठीत 'न्याय' हा नेहमी चांगल्या बाजूचा शब्द आहे. न्याय मिळतो, न्याय मागतात, भूमिकेला न्याय देतात. 'कोणाचा न्याय करू नका' असे वाचल्यावर साधा वाचक गोंधळतो, कारण न्याय करायचा नाही तर काय अन्याय करायचा? उलट 'दोष काढणे' मराठीत कधीच चांगले नसते. तिथे नजर आधीच दोष शोधायला निघालेली असते. मत्तय ७:१ ला तेच नेमके बसते. योहान ७:२४ ला 'न्याय' ठेवा. तिथे तो शोभतो.

वाईकर
ग्रीक क्रियापद आहे 'क्रिनो'. मूळ अर्थ वेगळे करणे, निवडणे. लॅटिनमधला चाळणीचा शब्द त्याच कुळातला. त्यातून ठरवणे, निकाल देणे आणि संदर्भाने शिक्षा ठोठावणे इथपर्यंत अर्थ पसरला. म्हणून सूपजाते म्हणतात तसे जागेप्रमाणे शब्द बदलणे भागच आहे. रोमकरांस १४:१३ बघा. प्रेषित पौल एकाच वाक्यात तेच क्रियापद दोनदा वापरतो. यापुढे एकमेकांचे 'हे' करू नका, उलट 'हे' करा, की भावाच्या वाटेत अडखळण ठेवायचे नाही. मराठीत पहिल्या जागी 'दोष लावणे' आणि दुसऱ्या जागी 'ठरवणे' असेच करावे लागते. मूळचा श्लेष गेला, पण अर्थ वाचला.

आणखी एक. मत्तय ७:५ मधला 'ढोंगी' हा ग्रीकमध्ये 'हिपोक्रितेस', म्हणजे नाटकातला नट. तोही याच 'क्रिनो'पासून. पहिल्या आणि पाचव्या ओवीतला हा धागा कुठल्याच मराठी भाषांतरात राहणार नाही. पुस्तिकेत तळटीप द्या.

हळदपेठ
वर्गाला येणारी मुले रोज काय बोलतात ते कुणी विचारात घेणार आहे का? 'मला जज करू नकोस.' सांगलीत कॉलेजच्या कट्ट्यापासून बस स्टँडपर्यंत हेच. मत्तय ७:१ त्यांना याच अर्थाने कळते. 'जज करणे' लिहा आणि मोकळे व्हा. भाषा लोकांची आहे.

माहुलीकर
लोकांची आहे म्हणूनच लोकांकडे आधीपासून असलेले शब्द वापरा. कट्ट्यावरचे 'जज करणे' म्हणजे आपले 'नावे ठेवणे'. मामलेदार असो की मोलकरीण, हा शब्द सगळ्यांना येतो. आणि 'जज करू नकोस' याचा कट्ट्यावरचा अर्थ 'माझ्या वागण्याबद्दल बोलूच नकोस' असा आहे. मत्तय ७ तसे म्हणत नाही. त्याच अध्यायात पाच ओव्यांनंतर, 'पवित्र ते कुत्र्यांना घालू नका, मोती डुकरांपुढे टाकू नका' आहे. कुत्रे कोण आणि डुक्कर कोण, हे न पारखता ते कसे पाळणार? पुढे १५व्या ओवीपासून मेंढरांच्या वेषातले खोटे संदेष्टे आहेत, त्यांना फळांवरून ओळखायचे. म्हणजे पारख करायला सांगितलेच आहे. 'जज' लिहिलेत तर पहिली ओवी पुढच्या सगळ्या अध्यायाला खोटी पाडेल.

हळदपेठ
'नावे ठेवणे' पाठीमागे होते. 'जज करणे' तोंडावरही होते आणि न बोलता नुसत्या नजरेनेही होते. हा फरक तुमच्या शब्दात नाही. परका शब्द आला तो रिकाम्या जागेसाठी आला. 'टेबल' काढून 'मेज' लिहिणाऱ्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे.

माहुलीकर
नजरेचा मुद्दा मान्य. तरी छापील अभ्यासपुस्तिकेत 'जज' नको. दहा वर्षांनी त्याचा अर्थ आणखी सरकलेला असेल.

आता माझा मुद्दा. 'निवाडा' हा शब्द कुणी घेतच नाही. वाईकरांनी सांगितलेला ग्रीक अर्थ, वेगळे करणे आणि निवडणे, तोच 'निवडणे' आणि 'निवाडा' यांत आहे. तांदूळ निवडतात आणि तंटाही निवडतात. आणि निवाड्याला अधिकार लागतो. आमच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचे न्यायाधीश होते. १७७३ साली नारायणरावांचा खून झाल्यावर त्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले ते त्या खुर्चीच्या अधिकाराने. हीच गोष्ट गावच्या पारावर बसून कुणी म्हटली असती तर तो निवाडा नव्हता, नुसते बोलणे होते. याकोब ४:१२ हेच सांगतो. नियम देणारा आणि न्याय करणारा एकच आहे, तर शेजाऱ्याचा निवाडा करणारा तू कोण?

सूपजाते
निवाडा 'निवडणे'पासून कशावरून? आमच्याकडे वयस्क मंडळी सांगतात की वाड्यावर जो व्हायचा तो नि-वाडा.

वाईकर
ऐकायला छान आहे, पण खरे नाही. बिघडणे–बिघाड, उघडणे–उघाड, तसे निवडणे–निवाड–निवाडा. मधला स्वर लांबवून क्रियापदाचे नाम करायची ही मराठीची नेहमीची रीत आहे. जुन्या कागदांत 'निवाडपत्र' सर्रास येते. त्यात वाड्याचा संबंध नाही.

माहुलीकरांच्या अधिकाराच्या मुद्द्याला त्याच कागदांतून पुरवणी देतो. मराठेशाहीत तंटा निवडायच्या आधी दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' लिहून घेत. त्याचा अर्थ आजच्यासारखा पद सोडणे नव्हे. जो निकाल होईल तो आम्हाला राजी, असा तो कबुलीचा कागद. मग दोघांच्या तकरिरी (लेखी म्हणणी), साक्षी, आणि शेवटी हरलेल्याकडून 'येजितखत', म्हणजे हार कबूल केल्याचा कागद. म्हणजे निवाडा एकतर्फी होतच नसे. मत्तय १८:१५-१७ ची चाल याच्याजवळ जाते. आधी एकट्याने एकट्याला भेटायचे. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना न्यायचे, कारण दोन किंवा तीन साक्षीदारांचा नियम जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १९:१५ पासूनचा आहे. तरी नाही तर मंडळीला सांगायचे. मंडळीचेही ऐकले नाही, तरच तो परका. मंडळीच्या वडिलांवर, म्हणजे पुढाऱ्यांवर, आरोप असेल तर १ तीमथ्य ५:१९ पुन्हा तेच बजावते, दोघातिघांच्या तोंडून आल्याशिवाय आरोप दाखलच करून घेऊ नका.

मिरजवासी
इथेच पुस्तिकेत अडले आहे. पहिल्या पायरीला, एकट्याने जाऊन बोलायला, शब्द कोणता? 'न्याय' नाही, 'दोष काढणे' तर नाहीच.

सूपजाते
'कानउघाडणी'. नाहीतर 'समज देणे'.

हळदपेठ
'समज देणे' हे पोलीस ठाण्याचे आहे. 'समज देऊन सोडून दिले' असे पेपरात येते. भाऊ भावाला समज देत नाही. 'कानउघाडणी' वरचा खालच्याची करतो. गलतीकर ६:१ म्हणते, सौम्यतेने ताळ्यावर आणा. तिथला ग्रीक शब्द 'ठाकठीक करणे' असा असल्याचे वाचले आहे. वाईकर?

वाईकर
बरोबर. 'कातार्तीझो'. मार्क १:१९ मध्ये याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत आहेत, तिथे हेच क्रियापद आहे. फाटलेले जाळे फेकत नाहीत, सांधतात. 'त्याचा अपराध त्याच्यापाशी बोल' इतके साधे लिहा. एका शब्दाच्या मागे लागू नका.

चालीत बिघाड कुठे होतो तेही पुस्तिकेत येऊ द्या. पहिली पायरी गाळली जाते. गोष्ट थेट मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, म्हणजे तिसरी पायरी पहिली होते. दुसऱ्या पायरीला जे दोघे नेले जातात ते साक्षीदार नसतात, आपल्या बाजूचे असतात. अनुवादातले साक्षीदार खुद्द डोळ्यांनी पाहिलेले होते, आणि खोटी साक्ष निघाली तर आरोपीला होणारी शिक्षा त्यालाच व्हायची (१९:१६-१९). ती धास्ती गेली की नियम पोकळ होतो.

माहुलीकर
शेवटच्या पायरीला 'वाळीत टाकणे' तेवढे लिहू नका. काही जुन्या टिपणांत तसे असते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ सालचा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणे, पदावरून उतरवणे ही मंडळीची शिस्त झाली. लग्नमयताला जायचे नाही, बोलायचे नाही, दुकानातून माल घ्यायचा नाही, हे वाळीत टाकणे झाले, आणि तो गुन्हा आहे. पौलानेही २ थेस्सलनीकाकर ३:१५ मध्ये, त्याला शत्रू मानू नका, भाऊ मानून बोध करा, असे स्पष्ट लिहिले आहे.

सूपजाते
वागणुकीचे झाले. शिकवणीचे काय? माझ्या मते शिकवणीला एकच शब्द चालतो, 'पारखणे'. तो 'परीक्षा'वरूनच आला. १ योहान ४:१ आत्मे पारखायला सांगतो, १ थेस्सलनीकाकर ५:२१ सगळे पारखून चांगले ते धरायला सांगतो. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयाचे लोक खुद्द पौलाची शिकवण रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि त्याबद्दल त्यांना थोर मनाचे म्हटले आहे. पौलाची तपासायची, तर आरोग्यसभेला (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला) बाहेरून आलेल्या उपदेशकाची का नको?

मिरज दवाखान्यांचे गाव आहे, म्हणून एक उदाहरण घाला. कुणी व्यासपीठावरून म्हणाले, 'विश्वास ठेवा आणि क्षयाच्या गोळ्या बंद करा.' इथे 'दोष काढू नका' म्हणून गप्प बसणे चूक आहे. साध्या क्षयाचा औषधक्रम ६ महिन्यांचा असतो. दीडदोन महिन्यांत खोकला कमी होतो, वजन भरते, माणसाला वाटते की झालो बरा. जंतू पुरते मेलेले नसतात. औषध मध्येच सोडले की आजार उलटतो, आणि त्याच गोळ्यांना न जुमानणारे जंतू वाढू शकतात. घरातल्या पोरांना तीच लागण होते. शिकवण तपासायची तर ओवी उघडायची, मागचापुढचा मजकूर वाचायचा आणि दुसरीकडे काय आहे ते पाहायचे. लूक हा प्रिय वैद्य होता (कलस्सैकर ४:१४). पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), 'नुसता विश्वास ठेव' म्हणत नाही. म्हणजे ती शिकवण पडली. पण उपदेशक ढोंगी आहे, पैशासाठी आला आहे, नरकात जाणार आहे, हे म्हणायला आपल्याकडे काही नाही. पारख वाक्याची करायची. माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा १ करिंथ ४:५ ने प्रभू येईपर्यंत थांबवला आहे.

हळदपेठ
हे पटले. पण मग लूक ६:३७ कसे करणार? तिथे दोन वेगळी वाक्ये आहेत.

वाईकर
हो, दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्यात 'क्रिनो', दुसऱ्यात निकाल देऊन दोषी ठरवण्याचे. म्हणून ज्यांना मत्तय ७:१ चे 'दोषी ठरवू नका' करायचे आहे त्यांना लूकमध्ये दुसऱ्या वाक्यासाठी शब्दच उरत नाही. 'दोष काढू नका' आणि मग 'दोषी ठरवू नका', हीच जोडी टिकते.

कुसळीमाळ
एवढे सगळे झाले, पण मत्तय ७:३ मधल्या 'कुसळ-मुसळ'बद्दल कुणीच काही बोलले नाही. ही म्हण मिशनऱ्यांनी आणली की आधीची?

माहुलीकर
कल्पना तरी आधीची आहे. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला दुष्यंताला हेच सुनावते. दुसऱ्याची मोहरीएवढी छिद्रे दिसतात, आपली बेलफळाएवढी दिसत नाहीत.

वाईकर
ग्रीकमध्ये 'कार्फोस' म्हणजे वाळकी काडी आणि 'दोकोस' म्हणजे घराची तुळई. तुळईचे मुसळ केले ते यमकासाठी. आकार कमी झाला, पण ओठांवर बसले.

कुसळीमाळ
यमकासाठी म्हणून सोडून देऊ नका. 'कुसळ' हा काडीपेक्षा चांगला शब्द आहे. साताऱ्याच्या डोंगरउतारावरच्या कुसळी गवताचे कुसळ जवळून पाहा. टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेले बारीक केस, मागे पिळदार शेपूट. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि टोक पुढेच सरकते. उलट ओढले की केस अडकतात. मेंढरांच्या लोकरीतून ते कातडीपर्यंत जाते ते असे. डोळ्यात गेले आणि चोळले तर बुबुळावर ओरखडा पडतो. म्हणून पाचवी ओवी 'काढू नको' म्हणत नाही. आधी मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असे म्हणते. कुसळ काढायचेच आहे. आंधळ्या हाताने काढायचे नाही.

सूपजाते
आमच्या जतकडे त्याला 'कुसळं' म्हणतात, अनेकवचनी. एकवचन कुणी वापरत नाही.

हळदपेठ
वापरतात की. 'पायात कुसळ गेलं' म्हणतात.

मिरजवासी
माझा प्रश्न अजून आहे. मत्तय आणि लूकला 'दोष काढणे', योहानाला 'न्याय', शिकवणीला 'पारख' हे धरले. पण १ करिंथ ५:१२ राहिले. 'आतल्यांचे' काय लिहू? 'निवाडा' लिहिले तर लगेच पुढच्या अध्यायात ६:१-६ ला भावाभावांची कोर्टबाजी आहे, तिथेही तोच शब्द येईल.

माहुलीकर
येऊ द्या. पौलाला दोन्हीकडे तेच म्हणायचे आहे.

वाईकर
नाही, पाचव्यात शिस्त आहे आणि सहाव्यात तंटा. ६:५ ला भावाभावांतला तंटा निवडू शकेल असा एक शहाणा माणूस मागितला आहे, म्हणजे पंच. तिथेच 'निवाडा' हवा. पाचव्याला नको.

सूपजाते
मग पाचव्याला काय?