पहिली रोड बाइक: उंची ५ फूट २, बजेट ५५ हजार, मुक्काम नाशिक

सायकलवाली_मावशी
मंडळी, सल्ला हवाय. वय ४३, वजन ६२. सध्या सरळ हँडलची हायब्रिड सायकल आहे, तिच्यावर सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरण, जमलं तर त्र्यंबक. ग्रुपातले एकेक जण ड्रॉप हँडलवर (रोड बाइकचं खाली वळलेलं हँडल) गेले आणि समोरून वारा सुटला की मी एकटी मागे. पुढच्या हिवाळ्यात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची इच्छा आहे.

दुकानात दोन पाहिल्या. पहिली सोरावाली (सोरा, क्लॅरिस ही शिमानोच्या गिअर-संचांची नावं), मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं, टायर २५ मिमी, फ्रेम ५२ सेमी. दुसरी क्लॅरिस, मागे ३४ दाते, टायर २८, फ्रेम ४८, आठ हजारांनी स्वस्त. पुढे दोन्हींना ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं. दुकानदार म्हणतो, "मॅडम, सोराच घ्या, ग्रेड वरची आहे. सीट खाली करून देतो." चालवून पाहिली तर हात ताणले जात होते आणि ब्रेकपर्यंत बोटं नीट पोहोचेनात. सवय होते का हे?

डोंगरदऱ्या
एवढ्या पैशात जुनी कार्बन फ्रेमची सायकल मिळते. नवी कशाला?

सातपूरचा_फिटर
ताई, सवय होत नाही, पाठ धरते. सीट खाली केल्याने पायाचं माप जमतं, हँडलचं अंतर तेवढंच राहतं. ते अंतर फ्रेमच्या लांबीत असतं. स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) बदलून एखाद-दोन सेंटिमीटर चोरता येतात, त्यापुढे नाही. तुमच्या उंचीला ४८ किंवा फार तर ५०. ब्रेकच्या लिव्हरला पोहोच कमी करायचा बारीक स्क्रू बहुतेक वेळा असतो, तो दुकानदाराकडून फिरवून घ्या. लहान हाताला फार फरक पडतो.

आता गिअर. माझा जन्म एमआयडीसीत गिअर कापण्यात गेला, त्यामुळे सायकल दिसली की मी आधी दाते मोजतो, नाव नंतर वाचतो. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३४, मागे ३४, म्हणजे पायडलचा एक फेरा की चाकाचा एक फेरा. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. तेच मागे २८ असेल तर साठ फेऱ्यांना ताशी नऊच्या वर जावं लागतं. सपाटीवर हा फरक किरकोळ. कसारा घाट चढून इगतपुरीकडे येताना तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ७५ किलो. तिथे नऊचा वेग टिकवायला पाय घोड्याचे लागतात. मग माणूस चाळीस फेऱ्यांवर येतो, जोर गुडघ्यावर जातो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं.

बीआरएमला २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात. चहा, पंक्चर, सगळं धरून ताशी पंधराच्या आत-बाहेर. सोरा की क्लॅरिस यावर ते ठरत नाही. घाटानंतर पायात काय उरलंय यावर ठरतं.

जुन्या कार्बनबद्दल: पडलेल्या कार्बनची चीर रंगाखाली दिसत नाही. पारखायला सोबत जाणता माणूस नसेल तर पहिल्या सायकलीला ते नकोच.

घाटमाथा
काका, क्लॅरिसची भलामण जरा जास्त झाली. आठ चक्रांत ११ ते ३४ बसवायचे म्हणजे मधल्या उड्या मोठ्या. ग्रुपात एका लयीत चालताना एक गिअर जड, दुसरा हलका, असं होतं. सोराला नऊ मिळतात. सोरा घेऊन कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलावी.

सातपूरचा_फिटर
उड्यांचं खरं आहे, ती किंमत मोजावी लागते. कॅसेटही बदलते, पण मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पायाचा असेल तरच ३४ पेलतो. आणि ५२ ची फ्रेम कापून ४८ कोण करून देणार?

सायकलवाली_मावशी
क्लॅरिस घेतली! त्र्यंबकला जाऊन आले, वारा होताच, पण ग्रुप डोळ्यांसमोर राहिला. आता तक्रारी. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. उतारावर ब्रेक दाबताना मनगटं भरून येतात. आणि बसायच्या जागेबद्दल इथे काय लिहू?

पेठरोड_एक्सप्रेस
मावशी, बिनधास्त लिहा, आम्हीही त्यातूनच गेलोय. पॅडवाली शॉर्ट्स घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. शिवण घासते, पुरळ उठतं. तरी दुखलं तर सीटची रुंदी तपासा. बायकांची बसायची हाडं बहुधा जास्त अंतरावर असतात, अरुंद सीटवर ती टेकतच नाहीत आणि भार भलतीकडे येतो. जाड गादीचं जेल कव्हर मात्र घेऊ नका, लांब पल्ल्याला ते जास्त त्रास देतं.

सातपूरचा_फिटर
करंगळीची नस तळव्याच्या कडेने जाते, तिच्यावर भार आला की बोटं झोपतात. आधी सीटचं नाक बघा. खाली झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी अंग तोलून धरता. लेव्हल लावून सपाट करा. कोपरं थोडी वाकलेली ठेवा, दर थोड्या वेळाने पकड बदला: कधी वरच्या सरळ दांडीवर, कधी हूडवर (ब्रेक लिव्हरच्या वरची रबरी पकड).

सीटची उंचीही एकदा मोजा. भिंतीला टेकून उभं राहायचं, पुस्तक जांघेत वर दाबून धरायचं, जमिनीपासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं आणि ०.८८३ ने गुणायचं. ७४ आलं तर ६५.३. तेवढं अंतर पायडलच्या मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत. इथून सुरुवात करा, पुढे गुडघा सांगेल तसं चार-पाच मिलिमीटर वर-खाली.

उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणात न्या. हूडवरून लिव्हर तिच्या बिजागरीजवळ दाबली जाते, म्हणून जोर जास्त लागतो. खालून टोकाशी पकड मिळते, दोन बोटांत काम होतं. पण हे घाटात शिकू नका. रिकाम्या मैदानावर हात खाली-वर न्यायची आणि खालून ब्रेक दाबायची सवय करा.

सायकलवाली_मावशी
करते सगळं. एक राहिलं: पेट्रोल पंपावर हवा भरायला गेले तर नळी बसेचना. पंपावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, ही सायकल फॉरेनची दिसते."

सातपूरचा_फिटर
तो प्रेस्टा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबचं बारीक तोंडाचं हवेचं टोक. टोकाची बारीक नट सैल करून मग हवा भरायची. नळीसाठी छोटा पितळी ॲडॉप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत ठेवा. पण गेजवाला उभा पंप घरीच घ्या, कारण या टायरांची हवा आठवड्याभरात उतरते आणि कमी हवेत खड्डा बसला की ट्यूबला दोन भोकं शेजारी शेजारी पडतात. तुमच्या वजनाला २८ च्या टायरात मागे ७० पीएसआय, पुढे थोडी कमी. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडा गाठायला जाऊ नका.

घाटमाथा
आणि बीआरएमला निघाल्यावर कळवा मावशी, इगतपुरीला चहा माझ्याकडून.