मदत हवी आहे: बॉल गोललाइनजवळ आला की उभं कुठे राहायचं?

नागपुरी_झेब्रा
मंडळी, इथे कोणी फुटबॉल ऑफिशिएटिंग करत असेल तर लवकर सांगा, शुक्रवारी मॅच आहे. बॉल दहाच्या आत आला की माझी जागा कोणती? एक म्हणतो स्नॅपबरोबर गोललाइन गाठ. दुसरा म्हणतो लाइन सोडायची नाही, मग प्रोग्रेस कोण बघणार? दोघेही जुनेजाणते, त्यामुळे मध्ये तोंड कोण उघडणार! गेल्या मॅचला सातवरून स्वीप थेट माझ्या अंगावर आला, मी धड इकडे ना धड तिकडे. आणि "मॅन्युअल वाचा" हा सल्ला नको, वाचलंय.

कोल्हापुरी_शिट्टी
नमस्कार. सोपं आहे. रेफ्रीने कर्णाने धावायचं, एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे. म्हणजे बॉल कायम तुमच्या आणि लाइन्समनच्या मध्ये राहतो. लाइन्समनने शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत सरकत राहायचं, बॉल त्याच्याही पुढे गेला तर बॉलच्या रेषेत. आमच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला जागा चुकली तर मागची गॅलरी काय ऐकवते ते इथे लिहिता येणार नाही. "दहाच्या आत" म्हणजे पेनल्टी बॉक्स का?

नागपुरी_झेब्रा
अहो, अमेरिकन फुटबॉल! हायस्कूल. दहा यार्ड. लाइन म्हणजे जिथून बॉल मागे देऊन खेळ सुरू होतो ती रेषा, ते मागे देणं म्हणजे स्नॅप. बॉल घेऊन कडेने धाव म्हणजे स्वीप. रनर कुठवर पोचला ते प्रोग्रेस.

एडिसनकर
कोल्हापूरकर, तुमचं उत्तर बरोबर आहे, प्रश्न वेगळा आहे :)

झेब्राभाऊ, जरा इस्कटून सांगा. तुम्ही कोण, लाइन्समन, लाइन जज की बॅक जज? क्रू चारचा, पाचचा की सातचा? राज्य कुठलं? हे कळल्याशिवाय जो उत्तर देईल तो अंदाजपंचे देईल.

ह्यूस्टनचा_बाळू
अंदाज कशाला? स्वीप अंगावर आला म्हणजे विंगच असणार, साइडलाइनवरचा लाइन्समन किंवा लाइन जज. विंगने लाइन सोडायची नाही, पूर्णविराम. गोललाइनवर आधीच माणूस उभा असतो. तुम्ही तिकडे पळालात तर एका पायलॉनवर, म्हणजे गोललाइनच्या कोपऱ्यावरच्या खुणेवर, दोघे आणि स्नॅपच्या लाइनवर कोणी नाही. पासर लाइन ओलांडून गेला का, पास मागे गेला की पुढे, तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, रनर नेमका कुठे अडला, हे सगळं वाऱ्यावर. आम्ही अगदी पाचाच्या आत आल्यावरच सरकतो.

मनीमाऊ
मुलगा ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या दुय्यम टीममध्ये, खेळतो म्हणून वाचतेय. साइडलाइनवरच्या पट्टेवाल्या काकांना आम्ही पालक किती बोलतो! ते बिचारे पळत कुठे असतात हे आजवर बघितलंच नव्हतं. अवांतर: या कामाचे पैसे बरे मिळतात का? नवरा रिटायर झालाय, घरात नुसता फिरत असतो.

नागपुरी_झेब्रा
ओहायो. लाइन्समन, दहा यार्ड मोजायच्या साखळीच्या बाजूला. शुक्रवारी पाच जण. सोमवारी ज्युनिअर व्हर्सिटीला चारच असतो. आता सांगा.

मनीमाऊ, पेट्रोल आणि बूट निघतात.

एडिसनकर
आता जमलं.

बाळूभाऊंचं म्हणणं त्यांच्या गावात खरं आहे. टेक्सासमध्ये हायस्कूललाही कॉलेजचे नियम लागतात, बाकी राज्यांत राष्ट्रीय फेडरेशनचे. मॅसॅच्युसेट्सही २०१९ पासून फेडरेशनकडे आलं. पण इथे नियमापेक्षा डोकी मोजा. सात जणांच्या क्रूमध्ये दोन्ही साइडलाइनवर खोलात एकेक जज असतो आणि बॉल वीस-पंचविसाच्या आत आला की ते गोललाइन धरतात. म्हणून तिथला विंग निवांत लाइनवर थांबू शकतो. पाच जणांच्या क्रूत ते दोघे नसतात. बॅक जज एकटा, आणि दहाच्या आत आमच्याकडे तो एंडलाइनवर, म्हणजे मैदानाच्या अगदी मागच्या रेषेवर, जातो. मग गोललाइन कोणाची? दोन विंगांची. तिसरा कोणी येणार नाही.

रेफ्री बॉल असलेल्या टीमच्या मागे दहा-बारा यार्डांवर, क्वार्टरबॅकला म्हणजे पासरला नजरेत धरून. अंपायर डिफेन्सच्या मागच्या गर्दीत. त्याला बॉल दिसतो, लाइन दिसत नाही. म्हणून टचडाउनचे, म्हणजे सहा गुणांचे, हात तो कधीच वर करत नाही. आमचा अंपायर बॉल पलीकडे पाहिला की मुठी छातीशी धरतो आणि विंगच्या डोळ्यांत बघतो. निर्णय मात्र विंगचाच.

तर पाच यार्डांवर किंवा त्याच्या आत स्नॅप असेल तर बॉल हलताच सरळ गोललाइन, चर्चा नाही. साइडलाइनच्या बाहेर उभं राहायचं, पायलॉन तुमच्या आणि खेळाच्या मध्ये. रनर अलीकडे पडला तर त्याच्या रेषेपर्यंत साइडलाइनने मागे या आणि तिथून काटकोनात आत वळा. तिरके पळत आलात की स्पॉट, म्हणजे बॉल थांबल्याची जागा, हमखास अर्धा यार्ड सरकतो.

पाच ते दहा यार्डांमध्ये भांडण आहे, ते कायम राहणार. माझं मत: पहिलं पाऊल गोललाइनकडे. तुमच्या बाजूचा टॅकल, म्हणजे बॉल असलेल्या टीमचा कडेचा धिप्पाड गडी, खाली वाकून पुढे घुसला तर रन समजा आणि रनरच्या आधी पायलॉन गाठा. तो मागे उठून उभा राहिला तर पास आहे, तुम्हाला थोडा श्वास मिळतो. गोललाइनवरून मागे येऊन स्पॉट देता येतो. रनरच्या मागून धावत जाऊन टचडाउन देता येत नाही.

ह्यूस्टनचा_बाळू
आणि पासरने लाइनच्या पुढून बॉल फेकला तर?

एडिसनकर
तर कदाचित सुटेल. पाच माणसांत सगळं झाकत नाही. काय उघडं ठेवायचं ते ठरवावं लागतं, आणि मी सहा गुणांचा निर्णय उघडा ठेवणार नाही. तुमच्याकडे डिफेन्सच्या पास इंटरफिअरन्सला, म्हणजे पास पकडणाऱ्याला अडवलं तर, ऑटोमॅटिक फर्स्ट डाउन (आपोआप नवे प्रयत्न) आहे, आमच्याकडे २०१३ पासून नाही. तेव्हा तुमच्या सवयी तशाच्या तशा इकडे आणू नका राव.

ह्यूस्टनचा_बाळू
सवयी नाहीत, शिस्त आहे. पाचांच्या क्रूतही मी हंगाम काढलेत. अलीकडचे विंग गोललाइनवर जाऊन पुतळ्यासारखे उभे राहतात. बॉल चारवर पडतो आणि हे दोनवर स्पॉट देतात. तेही सहा गुणांइतकंच महागात जातं, चौथ्या डाउनला बघा.

चष्मिष
दोघांनीही प्रीगेम हा शब्द काढला नाही याची गंमत वाटते. क्रूने मॅचच्या आधी तासभर बसून हे ठरवायचं असतं. धागा काढायची गरजच काय?

नागपुरी_झेब्रा
चष्मिष, प्रीगेमलाच तर दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. लाइनवर थांबायला सांगणारे आमचे पांढरी टोपी, म्हणजे रेफ्री. ते शनिवारी कॉलेजच्या मॅचेस करतात. गोललाइन म्हणणारा समोरचा लाइन जज.

एडिसनकर
हे पहिल्या ओळीत का नाही लिहिलंत!! शनिवारी सातांत उभे राहतात आणि शुक्रवारी पाचांना तेच सांगतात. त्यांना थेट चूक म्हणू नका, पांढरी टोपी आहे. एवढंच विचारा: "सर, सातवरून स्वीप आला तर पायलॉन कोणाचा?" उत्तर त्यांनाच द्यावं लागेल. आणि लाइन जजबरोबर एकच पद्धत ठरवा. एक गोललाइनवर आणि दुसरा सातवर, हे सगळ्यात वाईट.

हो, त्याने हात वर केले म्हणून तुम्ही करू नका. बॉल पलीकडे ज्याने पाहिला त्यानेच खूण द्यायची. आरशासारखे हात वर करण्यानेच एकाची चूक दोघांची होते.

वऱ्हाडी_बॉक्स
मी ऑफिशियल नाही. पोराच्या शाळेत डाउनचा बॉक्स, म्हणजे कितवा डाउन ते दाखवणारा खांब, धरतो. एक बारकी गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गोल-टू-गो झालं, म्हणजे पुढे थेट गोललाइनच गाठायची उरली, की साखळीचं काम संपलं, तरी आमचे दोघे हौशी बाप खांब धरून लाइनलाच उभे राहतात. लाइन्समन गोललाइनकडे पळाला की पहिली टक्कर त्यांच्याशी. साखळी खाली ठेवायला सांगा, लांब. बॉक्सवालाही साइडलाइनपासून दोन यार्ड मागे. टीम बॉक्स, म्हणजे कोच-खेळाडूंची जागा, पंचविसाला संपतो, त्यामुळे तिथे कोच नसतात, पण फोटो काढणारे आणि चीअरलीडर्स असतात. आमचे लाइन्समन स्नॅपच्या आधी एकदा मागे बघून घेतात आणि हाताने सगळ्यांना ढकलल्यासारखं करतात.

नागपुरी_झेब्रा
वऱ्हाडी भाऊ, साष्टांग! स्वीपच्या वेळी मी अडकलो तो खांबवाल्यालाच. आणि सोमवारी चार जण असतात तेव्हा एंडलाइन कोण बघतो?

एडिसनकर
तुम्हीच. बॅक जजच नाही ना. गोललाइन आधी. पास एंडलाइनकडे गेला की ज्याच्या बाजूला बॉल तो खोल जातो, दुसरा गोललाइन धरून राहतो. मागच्या रेषेवर पाय आत होता की बाहेर, हे तिथून नीट दिसत नाही. कोच ओरडेल, ओरडू द्या.

कोल्हापुरी_शिट्टी
वाचतोय, मजा येतेय. चार पंच, वर साखळीवाले, तरी एंडलाइनला माणूस नाही! आमच्याकडे एक रेफ्री, दोन लाइन्समन आणि भरलेली गॅलरी. बाकी मुठी छातीशी धरून डोळ्यांत बघायची खूण उचलली. आमच्या लाइन्समनला आजच शिकवतो.

मनीमाऊ
नवऱ्याला धागा वाचायला दिला. तो विचारतोय, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला कुठली जागा चालेल?

ह्यूस्टनचा_बाळू
रेफ्री. सगळ्यात कमी पळापळ. पण पांढरी टोपी मिळायला आधी आमच्यासारखं साइडलाइनवर घासावं लागतं. सुरुवातीला मॅचचं घड्याळ चालवू द्या, खुर्चीत बसून होतं.

नागपुरी_झेब्रा
रेफ्रींना आत्ता मेसेज टाकला, एडिसनकरांच्याच शब्दांत. उत्तर आलं: "गुड क्वेश्चन. फ्रायडे." आता याचा अर्थ काय घ्यायचा?