टर्मिनलवरून थंडरबर्ड उघडताना विषय तुटतो आणि जोडलेली फाइल सापडत नाही

प्रश्न – सोसायटीचा खजिनदार

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेत ३६ सदनिका असून खजिनदार या नात्याने दर महिन्याची मेंटेनन्सची बिले ईमेलने पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. बिलांच्या पीडीएफ तयार करणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) मी लिहिली आहे. त्याच स्क्रिप्टमधून पत्ता, विषय आणि बिल भरलेली थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामची नवीन पत्राची खिडकी उघडावी, असा माझा प्रयत्न आहे. संगणकावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. आज्ञा पुढीलप्रमाणे आहे. येथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली असली, तरी टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरे आहेत.

थंडरबर्ड -कंपोज "टू=$पत्ता,सब्जेक्ट=मेंटेनन्स बिल, एप्रिल,अटॅचमेंट=/टेम्प/बिले/$सदनिका.पीडीएफ"

खिडकी उघडते, परंतु विषयाच्या रकान्यात केवळ ‘मेंटेनन्स बिल’ एवढेच येते. विषयातला स्वल्पविराम काढून पाहिला, तर फाइल अस्तित्वात नसल्याने जोडता आली नाही, असा संदेश येतो. वास्तविक त्याच टर्मिनलमध्ये एलएस ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा दिल्यावर ती फाइल समोर दिसते. शिवाय काल प्रत्येक सदनिकेसाठी हीच आज्ञा पुन्हा देणारा लूप चालवला, तेव्हा एकापाठोपाठ एक अशा ३६ खिडक्या उघडल्या आणि एकही पत्र गेले नाही. पत्र आपोआप पाठवण्याचा एखादा पर्याय आहे का?

उत्तर – कवच

विषय तुटण्याचे कारण स्वल्पविरामच आहे. कंपोजनंतरच्या मजकुरात थंडरबर्ड स्वल्पविरामाला दोन घटकांमधली सीमा मानतो, त्यामुळे ‘एप्रिल’ हा त्याच्या दृष्टीने कोणताच अर्थ नसलेला वेगळा घटक ठरतो. प्रत्येक किंमत एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावी आणि संपूर्ण मजकूर आपण ठेवला आहे तसाच दुहेरी चिन्हांत राहू द्यावा (‘$फाइल’ म्हणजे बिलाच्या फाइलचा पूर्ण मार्ग):

थंडरबर्ड -कंपोज "टू='$पत्ता',सब्जेक्ट='मेंटेनन्स बिल, एप्रिल',अटॅचमेंट='$फाइल'"

बाहेरची चिन्हे एकेरी केल्यास शेल डॉलरच्या चलांच्या जागी त्यांची खरी किंमत घालणार नाही आणि पत्त्याच्या रकान्यात अक्षरशः ‘$पत्ता’ असे उमटेल; ही चूक मी स्वतः केलेली आहे. पत्राचा मजकूर मोठा असेल, तर तो ‘बॉडी’ या घटकात कोंबण्यापेक्षा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ‘मेसेज’ या घटकाला त्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा.

उत्तर – जुना उबुंटूकर

फाइल न सापडण्याचे कारण वेगळे आहे आणि ते सहजासहजी लक्षात येत नाही. उबुंटू २४.०४ मध्ये थंडरबर्ड स्नॅप स्वरूपात, म्हणजे बाकीच्या प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजमध्ये येतो; ‘स्नॅप लिस्ट’ ही आज्ञा दिल्यास यादीत त्याचे नाव दिसेल. स्नॅपमधील प्रोग्रामला स्वतःचा स्वतंत्र टेम्प फोल्डर मिळतो. म्हणजे आपली स्क्रिप्ट ज्या टेम्पमध्ये बिले ठेवते आणि थंडरबर्ड ज्या टेम्पमध्ये ती शोधतो, या दोन जागा नावाने सारख्या असल्या तरी प्रत्यक्षात निराळ्या आहेत. एलएसला फाइल दिसते, थंडरबर्डला दिसत नाही, याचा उलगडा एवढाच. बिले होम फोल्डरमधील साध्या उपफोल्डरमध्ये ठेवावीत. होममध्येच टिंबाने सुरू होणारा लपवलेला फोल्डर केला, तर तोही स्नॅपला वाचता येत नाही. मार्ग मात्र मुळापासून पूर्ण द्यावा.

उत्तर – कवच

आपोआप पाठवण्याविषयी लिहायचे राहिले. थंडरबर्डच्या आज्ञांमध्ये तसा पर्याय नाही. कंपोज खिडकी उघडून देते आणि ‘पाठवा’ हे बटण माणसानेच दाबायचे असते. खिडक्यांशिवाय काम हवे असल्यास मट (टर्मिनलवरचा ईमेल प्रोग्राम) आणि एमएसएमटीपी (पत्र सर्व्हरकडे पोहोचवणारा प्रोग्राम) ही जोडी वापरावी:

मट -एस "मेंटेनन्स बिल, एप्रिल" -ए "$फाइल" -- "$पत्ता" < मजकूर.टीएक्सटी

मधल्या दोन आडव्या रेघा विसरू नयेत, अन्यथा मट पत्त्यालाही जोडायची फाइलच समजतो. खाते जीमेलचे असेल, तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तो एमएसएमटीपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिणार असाल, तर त्या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी. जीमेलच्या सर्व्हरमार्गे गेलेल्या पत्राची प्रत ‘पाठवलेले’ या फोल्डरमध्ये आपोआप पडते, त्यामुळे ती नंतर थंडरबर्डमध्येही पाहता येते.

उत्तर – जुना उबुंटूकर

माझे मत थोडे निराळे आहे. एका सभासदाची थकबाकी दुसऱ्याच्या घरी पोहोचली, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत काय होईल, हे खजिनदारांना सांगायला नको. ३६ पत्रे डोळ्यांखालून घालायला फार वेळ लागत नाही. लूपमध्ये थंडरबर्डच्या ओळीनंतर ‘रीड’ ही एक ओळ वाचेपर्यंत थांबणारी आज्ञा टाकावी, म्हणजे एंटर दाबल्याशिवाय पुढची खिडकी उघडणार नाही. लूप यादीची फाइल ओळीओळीने वाचत असेल, तर हे ‘रीड’ टर्मिनलवरून घ्यावे लागेल, नाहीतर ते यादीतीलच पुढची ओळ गिळून टाकेल.

प्रश्नकर्ता – सोसायटीचा खजिनदार

दोघांचेही आभार. स्नॅप लिस्टमध्ये थंडरबर्ड होता. बिले होममधील फोल्डरमध्ये हलवताच फाइल जोडली गेली आणि विषयही पूर्ण आला. तूर्त मी ‘रीड’चा मार्ग धरला आहे. तिसऱ्याच खिडकीत एका सदनिकेचा पत्ता मागच्या मालकाचा असल्याचे दिसले, म्हणून आधी सभासदांची यादी तपासत आहे. संयुक्त मालकीच्या सदनिकांसाठी टू मधील एकेरी चिन्हांत दोन्ही पत्ते स्वल्पविरामाने लिहून पाहिले, तेही बरोबर आले.